न उघडणारी मूठ

वेल्लोर हे नाव कानी पडले की मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे प्रथम उभा राहतो तो खंदकाने वेढलेला तेथील किल्ला. शिवछत्रपतींच्या कर्नाटकातील मोहिमेत, १६७७ साली, मराठ्यांनी या किल्ल्यास वेढा घातला आणि वर्षाहून अधिक काळ झुंजून १६७८ मध्ये तो हस्तगत केला. पुढे १८०६ साली याच किल्ल्यात हिंदी शिपायांनी कंपनी सरकारविरुद्ध हत्यार उपसले. शालेय इतिहासाची पुस्तके येथवर येऊन थांबतात. परंतु या गावाच्या नावावर आणखी एक इतिहास जमा आहे. तो राजांचा नाही, शिपायांचाही नाही. तो माणसाच्या हाताचा इतिहास आहे. महारोगाने वाकड्या झालेल्या, नखरांसारख्या आखडून गेलेल्या हातांना पुन्हा उघडण्यास शिकविण्याचे काम या गावी १९४८ पासून सुरू झाले, आणि त्याने वैद्यकातील एक फार जुना समज मोडून काढला. आमच्या वाचकांपैकी कित्येक जण नोकरीच्या निमित्ताने दक्षिणेत राहून आलेले असतील, काही अजून तेथे असतील. त्यांच्या शेजारी घडलेली ही हकीकत त्यांना सांगावी, असे आमच्या मनात बरेच दिवस होते.

प्रथम त्या काळची स्थिती ध्यानात घेतली पाहिजे. महारोग हा आपल्या देशाला अपरिचित नव्हता. सुश्रुतसंहितेत कुष्ठाचे वर्णन करताना स्पर्शज्ञान नाहीसे होणे, हाताला व्यंग येणे, अवयव झडणे या गोष्टींचा उल्लेख आहे. १८७३ साली नॉर्वेतील हॅन्सन या वैद्याने या रोगाचे जंतू शोधून काढले आणि रोग म्हणजे पूर्वकर्माचे फळ ही कल्पना शास्त्रापुरती तरी निकालात निघाली. लोकांपुरती मात्र ती निघाली नाही. औषध म्हणून कडूकवठाचे तेल टोचण्याची रीत दीर्घकाळ चालू होती. त्याने रोगी बरा होई असे छातीठोकपणे कोणी म्हणत नसे. १९४१ साली अमेरिकेतील कारव्हिल येथे सल्फोन जातीच्या औषधांचा गुण प्रथम आढळला आणि काही वर्षांतच ती औषधे आपल्याकडे मद्रास प्रांतात पोहोचली. जंतू मरू लागले. पण जंतू मेले तरी वाकडा हात वाकडाच राहिला. रोग गेला आणि रोग्याची खूण मागे उरली. आणि समाज माणसाला ओळखतो तो खुणेवरून.

कायदाही खुणेवरूनच ओळखीत असे. १८९८ साली इंग्रज सरकारने 'लेपर्स ॲक्ट' केला. ज्या प्रदेशास तो लागू केला जाई, तेथे भीक मागणाऱ्या अथवा निर्वाहाचे साधन नसलेल्या महारोग्यास पोलिसाने वॉरंटाशिवाय पकडावे, वैद्यकीय दाखल्यावरून मॅजिस्ट्रेटने त्याला आश्रमात धाडावे, अशी त्यात तरतूद होती. विक्रीसाठी अन्न तयार करणे, सार्वजनिक विहिरीवर स्नान करणे, भाड्याचे वाहन हाकणे या गोष्टींसही बंदी करता येत असे. या कायद्याकडे आपण शेवटी पुन्हा वळणार आहोत.

वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज हे मूळचे आयडा स्कडर या अमेरिकन बाईंनी १९०० साली एका खाटेवर सुरू केलेल्या दवाखान्याचे वाढलेले रूप. तेथे १९४६ च्या अखेरीस पॉल ब्रँड नावाचे एक तरुण इंग्रज शल्यवैद्य दाखल झाले. त्यांना इंग्रज म्हणावे खरे, पण त्यांचा जन्म १९१४ सालचा, आणि तोही तामीळ मुलखातील कोल्ली डोंगरातला. आईबाप मिशनरी होते. नवव्या वर्षी मुलाला शिक्षणासाठी विलायतेस पाठविले आणि तो तेथे असतानाच, १९२९ मध्ये, वडील डोंगरातील तापाने वारले. मुलाने आधी वैद्यक शिकण्याचे नाकारले. तो सुतारकाम, गवंडीकाम शिकला; काही वर्षे त्याच धंद्यात उमेदवारी केली. मगच तो लंडनमध्ये वैद्यकाकडे वळला, आणि महायुद्धातील बाँबवर्षावात जखमी झालेल्यांवर शस्त्रक्रिया करीत शल्यवैद्य झाला. लाकूड कोठे वाकते, सांधा कसा बसतो, दोरी कोणत्या बाजूने ओढली असता फळी कोणत्या बाजूस झुकते, हे ज्ञान त्यास पुढे शरीरशास्त्राइतकेच उपयोगी पडले, असे त्याच्या कामाकडे पाहता वाटते.

वेल्लोरला त्यांना बोलावून आणणारे डॉक्टर रॉबर्ट कॉक्रेन हे महारोगाचे मोठे जाणकार. चेंगलपट्टू, म्हणजे तेव्हाच्या चिंगलपुट, येथील लेडी विलिंग्डन महारोग्यालयही त्यांच्याच देखरेखीखाली होते. १९४७ साली त्यांनी ब्रँडना ते दाखविण्यास नेले. बागेतून हिंडताना एकामागून एक आखडलेले हात दृष्टीस पडू लागले. ब्रँड हे हाडासांध्यांच्या शस्त्रक्रियेकडे ओढ असलेले. त्यांनी विचारले, की हे हात असे का होतात आणि त्यांवर उपाय काय? कॉक्रेन त्वचारोगतज्ज्ञ. त्यांनी उलट तोच प्रश्न टाकला, की आम्ही त्वचेचे वैद्य. हाडे आणि सांधे हा तुमचा प्रांत. लक्षावधी हात असे पांगळे होत असताना तुमच्यापैकी एकानेही त्यांचा अभ्यास का केला नाही? या प्रश्नास उत्तर नव्हते. पोलिओने लुळ्या पडलेल्या अवयवांवर तोवर ग्रंथ लिहिले गेले होते. महारोगाच्या वाट्याला ते भाग्य आले नव्हते.

त्याच फेरीत ब्रँडनी एका रोग्याच्या आखडलेल्या हातात आपला हात दिला आणि जोराने दाबावयास सांगितले. लुळा हात तो काय दाबणार, अशी त्यांची अटकळ. पण त्या माणसाने असा काही दाबला, की ब्रँडना कळ सोसवेना आणि सोड म्हणून ओरडावे लागले. रोग्याला मात्र आपण किती जोराने दाबतो आहोत याचा पत्ताच नव्हता. पुढील सारे संशोधन या एका दाबातून निघाले, असे म्हटले तरी चालेल. त्यातून दोन गोष्टी एकदम सिद्ध झाल्या. एक, हात लुळा नव्हता. त्यातील काही स्नायू उत्तम स्थितीत होते. दुसरी, त्या हाताला संवेदना नव्हती. आपल्याकडे झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात. या मुठीत बळ सव्वा लाखाचे होते. ती उघडण्याची सोय तेवढी राहिली नव्हती.

मग कोणते स्नायू मरतात आणि कोणते वाचतात, याची पद्धतशीर मोजणी सुरू झाली. शेकडो रोग्यांचे हातपाय तपासण्यात आले. उत्तर असे आले, की रोगाची नासधूस वाटेल तशी होत नाही. तिला ठरलेला क्रम आहे. कोपराच्या आतील बाजूने एक मज्जातंतू जातो. कोपर भिंतीवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या येतात, त्या त्याच्याच. हा बहुधा कोपराच्या वरच्या अंगास सुजून निकामी होतो. तळहाताकडे जाणारा मधला मज्जातंतू मनगटाजवळ निकामी होतो. त्यामुळे त्याच्या ज्या शाखा मनगटाच्या पुष्कळ वर, दंडाखालच्या भरदार स्नायूंना जातात, त्या शाबूत राहतात. तिसरा, मनगट उचलणाऱ्या स्नायूंचा मज्जातंतू सहसा वाचतो. मृत रोग्यांच्या शवविच्छेदनातही हेच दिसले. जेथे मज्जातंतू कातडीच्या अगदी जवळून, सांध्यानजीक जातो, तेथेच तो फुगलेला असे. यामागील कारण असे, की हे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात आणि कातडीलगतचा मज्जातंतू खोल दडलेल्या मज्जातंतूपेक्षा थंड असतो.

शल्यवैद्याच्या दृष्टीने या क्रमाचे मोल फार मोठे होते. रोगी कोणताही असो, कोणते स्नायू शाबूत सापडतील हे आता आधीच सांगता येत होते. जो शाबूत आहे त्याला मेलेल्याचे काम देता येईल काय, एवढाच प्रश्न उरला.

येथे हाताची रचना थोडी समजून घेतली पाहिजे. बोटे हलविणारे मोठे स्नायू हातात नसतात. ते कोपराखालच्या बाहूत असतात आणि लांब दोऱ्यांनी बोटे ओढतात. या दोऱ्यांना शास्त्रात कंडरा म्हणतात. प्रत्येक बोटास वाकविणाऱ्या कंडरा दोन: एक वरची, ती मधल्या पेरापर्यंत जाते, दुसरी खोल, ती टोकाच्या पेरापर्यंत पोहोचते. याशिवाय खुद्द तळहातात काही चिमुकले स्नायू असतात. त्यांचे काम मोठे नाजूक. ते बोट मुळाशी वाकवितात आणि त्याच वेळी पुढची दोन पेरे सरळ करतात. लेखणी धरणे, भाताचा घास उचलणे, शर्टाची गुंडी लावणे, ही सारी कामे त्यांच्यावाचून अडतात. महारोगात मरतात ते हेच. मग बोट मुळाशी मागे उलटते, पुढची पेरे आत आखडतात आणि हाताचा पंजा होतो.

यावरचा मार्ग ब्रँडना सर्वस्वी नव्याने शोधावा लागला नाही. सॅन फ्रान्सिस्कोचे स्टर्लिंग बनेल यांचा हाताच्या शस्त्रक्रियेवरील ग्रंथ १९४४ साली निघाला होता. कंडरांची जागा बदलण्याची रीत त्यात होती. वाकविणाऱ्या कंडरा दोन आहेत, त्यांतील एक असली तरी मूठ वळते. म्हणून वरची कंडरा तिच्या टोकाशी सोडवून घ्यावी, चिरून तिचे पदर करावे, तळहाताच्या अंगाने, बोटाच्या मुळाच्या सांध्यापुढून तिला नवी वाट करून द्यावी आणि बोटाच्या पाठीवरील ताणणाऱ्या पडद्यास शिवून टाकावी. ती मेलेल्या चिमुकल्या स्नायूच्या वाटेनेच गेली पाहिजे. वाट थोडी चुकली तर सांधा भलत्याच बाजूला ओढला जातो. ताण कमी पडला तर बोट सरळ होत नाही. अधिक झाला तर ते उलट बाजूस वाकते. शिवाय कंडरा ही आपल्या आवरणात सरकत राहिली पाहिजे. हाताळणी आडदांड झाली की ती आसपासच्या मांसाला चिकटते आणि सारा उद्योग व्यर्थ जातो. सुताराच्या हाताला जी हलकी शिस्त असते, तीच येथे लागते.

नवी गोष्ट कंडरेत नव्हती. ती महारोग्यावर करून पाहण्याच्या धाडसात होती. महारोग्याचे मांसच सडके, त्यावर केलेली जखम भरणार नाही, हा सार्वत्रिक समज होता. साध्या रुग्णालयात असा रोगी घ्यावयास लोक तयार नसत. आरंभीचे काम रुग्णालयाच्या आवारात एका बाजूस, लहानशा जागेत करावे लागले. १९४८ साली पहिल्या शस्त्रक्रिया झाल्या. जखमा भरल्या, निरोगी माणसाच्या भरतात तशाच भरल्या. काही आठवडे प्लॅस्टरमध्ये ठेवून हात मोकळा केल्यावर खरे शिक्षण सुरू होई. जो स्नायू जन्मभर बोट वाकवीत आला, त्याने आता ते सरळ करावयाचे. मेंदूने जुनाच हुकूम सोडावा आणि हाताने नवे काम करावे, अशी ही अवघड कवायत, आणि तीही ज्या हाताला स्पर्श कळत नाही त्याच्याकडून, केवळ डोळ्यांनी पाहून करून घ्यावयाची. रूथ थॉमस या भौतिकोपचार जाणणाऱ्या बाईंनी हे काम उभे केले. शस्त्रक्रियेइतकेच श्रेय या शिकविण्यास आहे.

सर्वच प्रयोग सफल झाले असे नाही. ज्यांची बोटे मुळातच लवचीक, त्यांच्यात वरची कंडरा काढून घेतल्यावर काही काळाने बोट उलट बाजूने वाकू लागले. एक व्यंग जाऊन दुसरे आले. ते पाहून रीत बदलण्यात आली. बोटांच्या कंडरांना हात न लावता मनगट उचलणाऱ्या स्नायूंपैकी एकाची शक्ती घेण्यात आली आणि तिची लांबी पुरावी म्हणून पोटरीतून एक लांब, सडपातळ कंडरा काढून तिचे चार पदर चार बोटांना जोडण्यात आले. या कंडरेवाचून पायाचे काही अडत नाही. कित्येकांना ती जन्मतःच नसते. पाऊल लोंबू लागलेल्यांसाठी नडगीमागील स्नायूची कंडरा पुढे आणून पाऊल उचलण्याची सोय झाली. पापण्या न मिटल्याने आंधळे होणाऱ्यांचे डोळे वाचविण्याचे काम मार्गारेट ब्रँड या त्यांच्या नेत्रवैद्य पत्नीने हाती घेतले. १९५२ साली लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्समध्ये हंटेरियन व्याख्यानाचा मान ब्रँडना मिळाला, आणि महारोग्याच्या हाताची पुनर्रचना हा विषय जगातील शल्यवैद्यांच्या कानी गेला.

आता उरला तो सर्वांत जुना प्रश्न: बोटे झडतात कशाने? लोक म्हणत, रोग ती खातो. बरेच वैद्यही तेच म्हणत. पण आखूड झालेल्या बोटांतील मांसाचे तुकडे तपासले तर ते निरोगी निघाले. मग ब्रँड आणि त्यांचे सहकारी रोग्यांच्या दिनचर्येवर पाळत ठेवू लागले. एकदा कोठीचे गंजलेले कुलूप ब्रँडना उघडेना. एका लहान मुलाने पुढे होऊन किल्ली फिरविली आणि कुलूप उघडले. ब्रँडनी त्याचा हात पाहिला तो बोट हाडापर्यंत कापलेले. मुलाला त्याची वार्ता नव्हती. कोणी चुलीतून निखारा हाताने उचली, कोणी तापलेले भांडे धरी. तरीही काही बोटे रातोरात नाहीशी होत, त्यांचा उलगडा होईना. रात्रभर जागून पाहिले तेव्हा दिसले, की उंदीर येऊन झोपलेल्यांची बोटे कुरतडतात, आणि झोप मोडावी अशी वेदना कोणालाच होत नाही. तेव्हापासून घरी जाणाऱ्या रोग्याबरोबर मांजर देण्याची प्रथा पडली. औषधांच्या यादीत मांजराचे नाव आलेले वैद्यकाच्या इतिहासात दुसरे उदाहरण आम्हांस ठाऊक नाही.

यातून निघालेला निष्कर्ष सोपा आणि मूलगामी होता. रोग बोटे खात नाही; रोग वेदना खातो. वेदनेचा पहारा उठल्यावर माणूस स्वतःच आपला हात झिजवून टाकतो. वेदना ही शिक्षा नसून राखण आहे, हे ब्रँड पुढे आयुष्यभर सांगत राहिले. पायाच्या जखमांसाठी सिलोनचे मिलरॉय पॉल यांनी आधीच प्लॅस्टरचा उपाय योजला होता. वेल्लोरने तो उचलला आणि त्यास मऊ रबराच्या वहाणांची जोड दिली. १९५५ साली वेल्लोरजवळ करिगिरी येथे संशोधनासाठी स्वतंत्र आरोग्यधाम उघडले. तेथे अर्नेस्ट फ्रिट्ची यांनी हे शास्त्र पुढे नेले. त्याच वर्षी भारत सरकारने चेंगलपट्टूचे महारोग्यालय आपल्या ताब्यात घेऊन त्याची केंद्रीय संस्था केली. ब्रँड १९६६ मध्ये कारव्हिलला गेले. मधुमेहात पायाची संवेदना जाऊन होणाऱ्या जखमांनाही वेल्लोरचे हेच ज्ञान लागू पडते, हे त्यांनी तेथे दाखवून दिले. २००३ साली ते वारले. आज मधुमेही माणसाला पाय रोज पाहा म्हणून वैद्य सांगतो, त्या सल्ल्याचे एक मूळ असे तामीळ मुलखात आहे.

परंतु हात बरा झाला म्हणजे माणूस बरा झाला काय? पहिल्या काही रोग्यांनीच याचे उत्तर दिले. हात सरळ करून आनंदाने गावी गेलेले काही जण हिरमुसून परत आले. त्यांची तक्रार अशी, की पूर्वी या वाकड्या हातावर भीक तरी मिळत असे. आता हात चांगला दिसतो म्हणून भीक मिळत नाही, आणि महारोगी म्हणून काम मिळत नाही. शल्यवैद्याने त्यांचे व्यंग काढून घेतले आणि त्याबरोबर त्यांचे पोटही काढून घेतले. म्हणून १९५१ साली कॉलेजच्या आवारात 'नवजीवन निलयम्' ही लहान वसाहत उभी राहिली. तेथे रोगी सुतारकाम शिकत, लाकडी खेळणी करीत. आणि बिनसंवेदनेचा हात हत्यारांत कसा जपावा हेही शिकत. सुतार झालेल्या वैद्याचा पहिला धंदा येथे दुसऱ्यांच्या कामी आला.

या कामातील एक नाव विसरून चालणार नाही. मेरी व्हर्गीस ही कोचीनकडची तरुण डॉक्टर १९५४ साली मोटारीच्या अपघातात कमरेखाली लुळी पडली. पुढे चाकाच्या खुर्चीत बसून तिने महारोग्यांच्या हातांवर शस्त्रक्रिया केल्या आणि वेल्लोरला पुनर्वसनशास्त्राचा विभाग उभारला. सरकारने १९७२ साली तिला पद्मश्री दिली. आपल्या नव्या हातांना शिकविणारी बाई स्वतः चालू शकत नाही, हे पाहून रोग्यांच्या मनात काय आले असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

महाराष्ट्रात याच सुमारास याच प्रश्नाकडे दुसऱ्या टोकाकडून वाट काढली जात होती. वर्ध्याजवळ दत्तपूर येथे मनोहर दिवाण यांनी १९३६ सालीच कुष्ठसेवा आरंभिली होती. सेवाग्रामला परचुरे शास्त्र्यांना गांधीजींनी आपल्या आश्रमात ठेवून घेतले व स्वतः त्यांची शुश्रूषा केली. बाबा आमट्यांनी १९४९ साली महारोगी सेवा समिती स्थापून वरोऱ्याजवळ आनंदवन उभे केले. पुण्याजवळ कोंढवा येथे आणि पुढे मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. नोशीर अँटिया यांनी प्लॅस्टिक सर्जरीची कला महारोग्यांच्या सेवेस लावली. वेल्लोरने हातापासून आरंभ करून कामापर्यंत मजल मारली. वरोऱ्याने कामापासून आरंभ केला. दोघांचे म्हणणे अखेर एकच ठरले, की माणसाला दया नको असते, काम हवे असते.

आणि आता कायद्याविषयी. आम्ही कारकुनी पेशातली माणसे. आमचे जीवन तारखांत जाते, म्हणून या तारखा आम्हांस बोचतात. १९४८ साली वेल्लोरने दाखविले की महारोग्याचा हात बरा होतो. १९८१ च्या सुमारास अनेक औषधांची एकत्र योजना निघाली आणि रोग ठरावीक मुदतीत पूर्ण बरा होऊ लागला. डिसेंबर २००५ मध्ये देशातील रोग्यांचे प्रमाण दहा हजारांत एकाहून खाली आले. आणि १८९८ चा 'लेपर्स ॲक्ट' मध्यवर्ती कायद्यांच्या यादीतून गेला तो २०१६ साली! १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात कुष्ठरोग हे काडीमोडाचे एक कारण होते. ते काढले गेले २०१९ साली. शल्यवैद्याच्या सुरीने जे केले ते मान्य करावयास आपल्या दप्तराला अडुसष्ट वर्षे लागली. कोणी जाणूनबुजून अन्याय केला असे आम्ही म्हणत नाही. जे कलम कोणाच्या टेबलावर टोचत नाही, ते तसेच पडून राहते. वेदनेचा पहारा उठला की अवयव झिजतो, हा नियम केवळ हातापुरता नसावा.

पहिल्या हातांचे श्रेय इतिहास ब्रँडना देतो, आणि ते यथायोग्यच आहे. तथापि कॉक्रेन, थॉमस, फ्रिट्ची, व्हर्गीस यांच्याखेरीज आणखी एका वर्गाचे नाव या अध्यायात लिहिले पाहिजे. ज्या रोग्यांनी, जखम भरेल की नाही याची कोणालाच खात्री नसताना, आपला उरलासुरला हात टेबलावर ठेवला, ते या शास्त्राचे पहिले भागीदार होत. दप्तरांत त्यांची नोंद बहुधा रोगी म्हणून झाली असेल. संशोधनात जोखीम कोणी उचलली असा हिशेब केला, तर त्यांचे नाव पुष्कळ वर येईल.